जवान सीमेवर, घर मोर्शीत

मोर्शीच्या पोस्टातून फौजेतल्या मुलाच्या नावे जे पाकीट निघते, त्यावर तो राहतो त्या ठिकाणाचे नाव नसते. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत 56 एपीओ’ किंवा ‘मार्फत 99 एपीओ’ एवढेच असते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. खाली नऊच्या आकड्याने सुरू होणारा पिन कोड. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिन कोड सुरू झाले. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ती पद्धत आखली, तेव्हा एक ते आठ हे आकडे प्रदेशांना मिळाले आणि नऊ लष्करी टपालाला. 56 एपीओची डाक दिल्लीहून पुढे जाते, 99 एपीओची कोलकात्याहून. हे काम सांभाळणाऱ्या आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअरचे केंद्र आपल्याच विदर्भात, कामठीला आहे.

या पत्त्यातच घरच्यांची सारी अडचण आहे. मुलगा, नवरा, बाप नेमका कुठे आहे, हे मागे राहणाऱ्यांना बरेचदा कळणार नाही. कधी बोलता येईल, सुटी कधी मंजूर होईल, हेही त्याच्या हाती नसेल. इकडे मात्र सोयाबीनची सोंगणी, संत्र्याचा सौदा, लेकीची परीक्षा आणि आईचे डोळ्यांचे ऑपरेशन आपापल्या वेळेवरच येणार. घराने त्याच्यावाचून चालायची तयारी त्याच्या संगतीने आधीच केली, तर त्याची फील्डमधली दोन-तीन वर्षे सुसह्य होतात. ही तयारी कशी करायची, यासाठी हा लेख आहे.

वऱ्हाडाला फौज नवी नाही. 1853 साली निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. म्हणजे इथल्या कपाशीचा सारा एका सैन्याच्या पगारासाठी वसूल होत होता. त्या फौजेची एक छावणी शेजारच्या एलिचपुरात, आजच्या अचलपूर-परतवाड्याच्या भागात होती. आज मोर्शी, वरूड, चांदूर बाजारच्या गावांतली पोरे सेनादलांत आहेत, तशी सीआरपीएफ आणि बीएसएफमध्येही आहेत. दोन्हींचे नियम वेगळे. सेना संरक्षण मंत्रालयाकडे, तर सीआरपीएफ-बीएसएफ गृह मंत्रालयाकडे. शेजारच्या जवानाला मिळाले ते आपल्यालाही मिळेलच, असे घरच्यांनी गृहीत धरू नये. विचारावे ते ज्याच्या-त्याच्या दलाकडे.

सुटीतले पहिले काम कागदांचे

सेनेतल्या जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला वर्षाला 30 दिवसच मिळतात. यातली काही सुटी लग्नाकार्यात जाते, काही वावरात, काही नातेवाइकांच्या भेटीगाठींत. कागदांसाठी मात्र दोन दिवसही निघत नाहीत आणि पुढे अडते ते नेमके कागदांवर.

फौजेत ‘पार्ट टू ऑर्डर’ हा शब्द प्रत्येक जवानाला ठाऊक असतो. लग्न झाले, मूल झाले, घरात कोणी वारले, तर त्याची नोंद युनिटमार्फत या आदेशात प्रसिद्ध होते आणि रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या सेवापुस्तकात जाते. बायकोचे नाव, मुलांच्या जन्मतारखा, आईचे नाव यांचा पुरावा म्हणजे हीच नोंद. उपचाराचे कार्ड, कुटुंब निवृत्तिवेतन, मुलांच्या शिष्यवृत्त्या, सगळे इथूनच पुढे सरकते. घरात घोटाळा होतो तो नावांचा. लग्नपत्रिकेवर एक नाव, आधारवर माहेरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. सासरी नाव बदलायची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे, त्यामुळे ही चूक घराघरांत सापडते. म्हणून लग्नानंतर नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून घ्यावी. कोणते नाव कायम ठेवायचे ते एकदा ठरवावे आणि आधार, पॅन, बँक खाते व पार्ट टू ऑर्डर या चारही ठिकाणी ते अक्षरशः सारखे करून घ्यावे. बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत तर आठवड्याभरात युनिटला गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. घरातले गॅस कनेक्शन, बँक, वीजबिल, शेतकरी ओळख क्रमांक, सगळे त्याच्या नंबराला जोडलेले असते, कारण त्याने ते हौसेने केलेले असते. तो रेंजबाहेर गेला की ओटीपी तिकडे आणि काम इकडे. सुटी संपण्याआधी घरच्या व्यवहारांचा नंबर घरी राहणाऱ्या माणसाचा करून घ्यावा. सातबाऱ्यावर त्याचे स्वतःचे नाव असेल, तर ज्या कामांना त्याच्या आधारचा ओटीपी किंवा बोटाचा ठसा लागतो, ती त्याच्या हजेरीतच उरकावीत. ई-पीक पाहणी घरच्या एका मोबाइलवरून होते. ती बायकोला किंवा भावाला शिकवून ठेवावी.

मुखत्यारपत्राबाबत जपून वागावे. शेती बघणे, पीक विकणे, वीजजोडणी, तहसीलची कामे एवढ्यांपुरते मर्यादित मुखत्यारपत्र नोंदवून दिले तर घरच्यांचे अडत नाही. जमीन विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात सहज म्हणून घालू नये, मग मुखत्यार सख्खा भाऊ का असेना. दूर असलेल्या माणसाच्या मागे जमिनीचा व्यवहार झाला की पुढच्या दोन पिढ्यांचे बोलणे बंद होते.

मृत्युपत्राविषयी फौजी घरांत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लढाईवरच्या शिपायाचे मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय, अगदी तोंडी सांगितलेलेही चालते, असे अनेकांनी ऐकलेले असते. भारतीय वारसा कायदा, 1925 यात अशी सवलत आहे खरी, पण ती हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना लागू होत नाही. मोर्शीतल्या बहुतेक घरांना म्हणूनच तिचा उपयोग नाही. जवानाने दोन साक्षीदारांच्या सहीने साधे मृत्युपत्र करावे आणि एक प्रत युनिटकडे, एक घरी ठेवावी. विषय अशुभ वाटून आई रडते, बायको बोलू देत नाही. तरी तो काढावाच. बँकेच्या ठेवीवर नामनिर्देशन केले म्हणजे वारस ठरला, असेही नाही. ठेवीचे पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच नामनिर्देशनाने ठरते. पुढचा हक्क वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. लग्नाआधी भरती झालेल्या मुलाने सगळीकडे आईचे नाव घातलेले असते. लग्नानंतर विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि खाती यांतले नामनिर्देशन पुन्हा तपासले जात नाही आणि मग सासू-सुनेच्या मध्ये एक कागद उभा राहतो.

पगार कोणाच्या हाती

सगळ्यात नाजूक भाग हाच आहे आणि त्यावर घरात उघड बोलणे होत नाही. जवानाचा पगार आजवर बापाच्या हाती जात होता; मग लग्न झाले. आता बायकोच्या खात्यावर किती आणि घरखर्चाला किती? तो समोर असला तर वेळेवर सावरून घेतो. तो नसताना हा हिशेब सासऱ्याच्या आणि सुनेच्या गळ्यात पडतो आणि दोघेही त्याला फोनवर एकमेकांविषयी सांगतात. बर्फातल्या बंकरमध्ये बसलेला माणूस यात करू काय शकतो? कोणाची तरी बाजू घेतो आणि फोन ठेवल्यावर रात्रभर जागा राहतो.

यावर उपाय साधा आहे: दर महिन्याची वाटणी त्याने बँकेला कायमची सूचना देऊन ठरवून टाकावी. एक ठरलेली रक्कम आई-वडिलांच्या खात्यात, एक बायकोच्या स्वतःच्या खात्यात, उरलेली बचतीत. रक्कम किती हे सुटीत सगळ्यांच्या समोर सांगावे. बायकोचे खाते तिच्या एकटीचे असावे आणि एटीएम कार्ड तिच्याच हाती असावे. सुनेच्या खात्याचे पासबुक सासऱ्याच्या पेटीत ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे; ती बंद झाली पाहिजे. आजारपणासाठी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी राहिली, तर अडीनडीला सावकाराचे किंवा बचत गटाचे दार ठोठावावे लागत नाही.

उपचारांचा हक्कही पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. सेवेतल्या जवानाची बायको, मुले आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे आई-वडील यांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. विदर्भात कामठीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. त्यासाठी अवलंबितांचे कार्ड लागते आणि ते युनिटकडून करून घ्यावे लागते. हे कार्ड नसेल तर बाळंतपण किंवा हृदयाचे दुखणे अंगावर आल्यावर नागपूरच्या खासगी दवाखान्यात लाखांचे बिल होते. कार्ड पेटीत पडून राहिलेली घरेही आहेत, कारण ते कुठे दाखवायचे हे कोणी सांगितलेलेच नसते.

फोन लागत नाही तेव्हा

उंचीवर जाणारा जवान थेट चौकीवर जात नाही. सेनेची ठरलेली पद्धत आहे. 9 ते 12 हजार फूट उंचीवर सहा दिवस, 12 ते 15 हजार फुटांवर चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस शरीराला विरळ हवेची सवय करावी लागते. सुटीवरून परतल्यावरही ही सवय नव्याने करावी लागते. सुटीवरून गेल्यावर मुलगा आठ-दहा दिवस नीट बोलला नाही, थकल्यासारखा वाटला, तर त्याचे कारण बरेचदा एवढेच असते. सियाचीनसारख्या ठिकाणी चौकीवरची पाळी साधारण तीन महिन्यांची असते. तिथे शत्रूपेक्षाही थंडी, हिमस्खलन आणि उंचीचे आजार घातक ठरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये बीएसएनएलने सियाचीनवर 15,500 फुटांहून अधिक उंचीवर मोबाइलचा टॉवर उभारला, त्यामुळे पूर्वीपेक्षा बोलणे सोपे झाले आहे. पण वादळात, गस्तीवर किंवा कारवाईच्या काळात फोन बंदच राहतात आणि ते मुद्दाम बंद ठेवलेले असतात.

बातमी नसण्याचा छळ मराठी घरांनी याआधीही सोसला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा इथे इंग्रजी फौजेला डिसेंबर 1915 पासून वेढा पडला. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली आणि उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्या काळात गावाकडे पोस्टमन हाच एकमेव दुवा होता आणि पाकिटे यायची थांबली होती. आज दहा मिनिटे निळी खूण दिसली नाही तरी जीव खालीवर होतो. त्या घरांपेक्षा आजची घरे कमकुवत आहेत असे मुळीच नाही. सतत बोलायची सवय लागल्यामुळे शांतता आता जास्त टोचते, इतकेच.

म्हणून जाण्याआधी त्याच्याशी तीन गोष्टी ठरवाव्यात. साधारण किती दिवस फोन न आला तर काळजी करायची नाही. त्यानंतर युनिटमध्ये कोणाला फोन करायचा. आणि घरी काही घडले तर त्याला निरोप कोणामार्फत द्यायचा. युनिट फील्डमध्ये गेले तरी मागे त्याचा काही भाग, ज्याला जवान ‘रिअर’ म्हणतात, राहतो. तिथला नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, जवानाचा नंबर-हुद्दा-युनिट आणि अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर हे सगळे एका कागदावर लिहून घरातल्या दोघांकडे तरी असावे. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही, मोबाइल पाण्यात पडतो.

टीव्ही मात्र बंद ठेवावा. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांत कितीतरी खोट्या बातम्या आणि जुने व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरले. ज्या घरातला माणूस सीमेवर होता, त्या घरात ते व्हिडिओ ‘पाहा’ म्हणून पाठवणारे शेजारी-नातेवाईकच होते. सुट्या रद्द झाल्या, जवानांना तातडीची बोलावणी गेली. जळगाव जिल्ह्यातला एक जवान 5 मे रोजी बोहल्यावर उभा राहिला आणि 8 मे रोजी त्याला सीमेकडे निघावे लागले. अशा वेळी अधिकृत निरोप युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडूनच येतो. चॅनेलवरच्या पट्टीवरून कोणाच्या घरी जाऊन रडू नये आणि रडवूही नये.

पत्र लिहावे, पार्सल पाठवावे. फोन संपतो, पत्र खिशात राहते आणि रेंज नसलेल्या चौकीवर चार वेळा वाचले जाते. पाकिटावर ठिकाणाचे नाव चुकूनही लिहू नये. एपीओ पत्त्यावर सरकारी टपालच चालते, खासगी कुरिअर नाही. पार्सल लहान असावे, कारण शेवटचा टप्पा कधी हेलिकॉप्टरने, कधी खेचराच्या किंवा हमालाच्या पाठीवरून होतो. आंबिया बहाराची संत्री कितीही गोड असली तरी ती वाटेत सडतात. ती सुटीवर आल्यावरच खाऊ द्यावीत. जवसाची, कराळ्याची, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिळाचे लाडू, गूळ-शेंगदाणे महिनाभर टिकतात. तेल गळणारे लोणचे आणि काचेची बाटली टाळावी.

वाईट बातमी सांगावी की नाही

वऱ्हाडातल्या मायचे फोनवरचे वाक्य ठरलेले असते, “इकळे समदं बरं हाय, तू काई कायजी करू नोको.” बाप दवाखान्यात असतो, गारपिटीने बगीचा झोडपलेला असतो, तरी वाक्य हेच. मायेपोटी केलेले हे लपवणे शेवटी महाग पडते. गावात एकाकडेही त्याचा मोबाइल नंबर नाही, असे आता राहिलेले नाही. कोणीतरी चुलतभाऊ ‘आता काकांची तब्येत कशी आहे रे?’ असे विचारतोच आणि तिथून पुढे त्या जवानाचा घरच्या ‘समदं बरं हाय’वरचा विश्वास उडतो. पुढे खरेच सगळे ठीक असले तरी त्याला ते खरे वाटत नाही.

सांगण्याची रीत असावी. मोठी बातमी मेसेजवर टाकू नये आणि ती रडत-ओरडत, पाच जणांनी एकमेकांच्या हातून फोन ओढून घेऊन सांगू नये. घरातले एकच शांत माणूस ठरवावे. काय झाले, आता काय स्थिती आहे, कोण सोबत आहे आणि त्याने यावे असे घरच्यांना वाटते की नाही, या चार गोष्टी त्याने क्रमाने सांगाव्यात. बातमी फार गंभीर असेल, तर आधी युनिटमध्ये सुभेदार साहेबांना किंवा कंपनी कमांडरना कळवावे. ते त्याला जवळ बसवून सांगतात, हातातले हत्यार आणि पहारा यांची व्यवस्था आधी करतात आणि सुटीचे कामही त्याच वेळी सुरू होते. तातडीच्या सुटीसाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र किंवा सरपंच, तलाठी यांचा दाखला लवकर पाठवला, तर युनिटला निर्णय सोपा जातो.

रोजच्या कुरबुरी मात्र त्याच्या कानी घालू नयेत. नणंद काय बोलली, शेजाऱ्याने धुऱ्यावरची बाभूळ तोडली, हे त्याला सांगून काहीच सुटत नाही. मुलांनी बोलावे ते त्यांच्या दिवसाविषयी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कसा सजवला, शाळेत कोण पहिले आले, कालवड केवढी झाली. याने तो घरात राहतो.

आणि त्याला मोकळे बोलता येईल अशी जागाही हवी. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून सेनादलांसाठी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा खास कक्ष सुरू झाला आहे. 14416 हा टेली मानसचा नंबर जवानाला लागू आहे, तसाच तो घरी झोप उडालेल्या बायकोला आणि आईलाही लागू आहे. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्याचा डॉक्टर, हा गैरसमज फौजी घरांत फार नुकसान करतो.

वावर, धुरा आणि तारीख

जवान दूर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि काही जण त्याचा फायदा घेतात. धुरा सरकतो, वहिवाटीचा रस्ता बंद होतो, वाटणीचा दावा नेमका तो लेहला गेल्यावर लागतो. घरच्यांनी अशा वेळी हातापायीवर न येता कायद्याचा आधार घ्यावा, कारण तो जवानाच्या बाजूने चांगला भक्कम आहे.

सेना कायदा, 1950 यातले कलम 32 सांगते, की जवानाने दाव्यासाठी सुटी घेतल्याचे किंवा मागितल्याचे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दिले, तर न्यायालयाने शक्यतो त्याच्या सुटीच्या काळातच सुनावणी आणि निकाल होईल अशी व्यवस्था करावी. दुसरा कायदा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, 1925. युद्धस्थितीत किंवा तशा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या शिपायाच्या वतीने न्यायालयात कोणी उभे नसेल, तर दिवाणी आणि महसुली न्यायालयांनी काही अपवाद सोडून त्याच्याविरुद्धचे काम पुढे ढकलावे, असे तो म्हणतो. तो शिपाई अशा सेवेवर आहे, हे जिल्हाधिकारी न्यायालयाला कळवू शकतात. तहसीलमध्ये तारीख लागली की आधी युनिटला पत्र, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज, हा क्रम ठेवावा. कारगिल विजय दिवसाला, 26 जुलै 2025 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहाय्यता योजना’ सुरू केली आहे. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून जवानांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर सल्ला मिळावा, असा तिचा हेतू आहे.

बगीच्याचा सौदा ही वेगळीच कटकट. व्यापारी उक्ता बहार मागतो, दर सांगतो आणि ‘भाऊले विचारा, संध्याकाळपर्यंत सांगा’ म्हणतो. भाऊ तर गस्तीवर. दोन दिवस फोन लागत नाही आणि दर उतरतो. खाली किती भावापर्यंत द्यायचे, इसार किती घ्यायचा, लेखी चिठ्ठीशिवाय तोड सुरू करू द्यायची नाही, हे बहाराआधीच ठरवून निर्णय घरी असलेल्या माणसावर सोडावा. भाव चुकला तरी नंतर त्यावरून त्याला टोचू नये.

अग्निवीराच्या घरी

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या योजनेतून भरती झालेल्या मुलांचे गणित वेगळे आहे. सेवा चार वर्षांची. तुकडीतल्या 25 टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम घेतले जाते. पहिल्या वर्षी महिना 30 हजारांतले 21 हजार हाती येतात. 9 हजार सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढीच भर घालते. निवृत्तिवेतन नाही. मुलगा नोकरीला लागला म्हणून लगेच ट्रॅक्टरचे सात वर्षांचे कर्ज काढणे, किंवा बहिणीच्या लग्नाचा हिशेब त्याच्या पगारावर बांधणे, हे धोक्याचे आहे. कर्जाची मुदत चार वर्षांपलीकडे जाऊ नये. सेवा निधीच्या रकमेवर घरातल्या सगळ्यांनी आत्ताच डोळा ठेवू नये; ती त्या मुलाच्या पुढच्या शिक्षणाची आणि धंद्याची रक्कम आहे.

वऱ्हाडाने या योजनेतले सर्वात कठीण उदाहरणही पाहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते यांना ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना वीरमरण आले. मोहिमेवर प्राण देणारे ते पहिले अग्निवीर. त्यानंतर सेनेने वारसांना काय मिळते ते जाहीर केले: 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, राहिलेल्या कार्यकाळाचे वेतन, सेवा निधीतला वाटा आणि सशस्त्र दल युद्ध हताहत निधीतून 8 लाख. पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 च्या हल्ल्यात गेलेले मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्राचे नितीन राठोड हेही बुलढाण्याचेच. ते सीआरपीएफचे होते, त्यामुळे त्यांच्या कुटुंबांना लागू होणारे नियम वेगळे. अशा प्रसंगी पहिल्या पंधरवड्यात घरी पुढारी, दलाल, विमा एजंट, सगळे येतात. कोऱ्या कागदावर सही करू नये, खात्याची माहिती फोनवर कोणालाही देऊ नये आणि युनिटने पाठवलेल्या प्रतिनिधीशिवाय कुठलाही अर्ज भरू नये. फौजेतल्या बायकांसाठी 1966 पासून काम करणारी आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन तातडीची मदत आणि पुढची साथ, दोन्ही देते.

फोटो, स्टेटस आणि ठग

जुलै 2020 मध्ये सेनेने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप फोनमधून काढायला सांगितले होते. जवानाने ती काढली, पण घरच्यांच्या स्टेटसवर ‘भाऊ निघाला अमुक सेक्टरला’ असे झळकले, तर उपयोग काय? गणवेशातला फोटो, युनिटचे नाव, गाडीचा क्रमांक, सुटीच्या तारखा आणि ठिकाण, यांतले काहीही टाकू नये. गोड बोलणाऱ्या अनोळखी बाईचा किंवा ‘हेडक्वार्टरमधून बोलतोय’ म्हणणाऱ्या साहेबाचा फोन आला तर तो ठेवून द्यावा. भरतीसाठी पैसे मागणारा प्रत्येक जण ठगच असतो.

तो घरी येतो तेव्हा

मोर्शीवरून जाणाऱ्या अमरावती-नरखेड रेल्वेने किंवा नागपूरहून एसटीने तो येतो, तेव्हा घर त्याच्यासाठी दोन महिने साठवलेल्या कामांची यादी घेऊन बसलेले असते. पहिले दोन-तीन दिवस त्याला झोपू द्यावे. रात्री तो दचकून उठेल, गर्दीत अस्वस्थ होईल, किंवा एकटाच वावरात जाऊन बसेल. त्याला खोदून खोदून विचारू नये. बोलेल तेव्हा ऐकावे. लहान मूल बापाला ओळखत नाही तेव्हा ‘अरे, पप्पा हाय ना तुहे’ म्हणून त्याला जबरदस्तीने मांडीवर बसवू नये. ते आपणहून येते.

जवानानेही लक्षात ठेवावे. त्याच्या माघारी बायकोने घेतलेले निर्णय आल्या-आल्या उलटवू नयेत. तिने मुलीची शाळा बदलली, गोठा दुरुस्त केला, उधारी बंद केली, यामागे तिने काढलेले सगळे महिने आहेत. चूक झाली असेल तर तीही दोघांनी मिळून बसून बघावी. सुटी संपत आली की घर गप्प होते. तो आठवडा जेवणावळींत घालवण्याऐवजी नामनिर्देशन, पार्ट टू ऑर्डर, ओटीपीचा नंबर आणि तो दूरध्वनींचा कागद पुन्हा एकदा तपासण्यात घालवावा.

यातले काही अडले, तर अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. ते कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी आहे, असे अनेक घरांना वाटते. पण सेवेत असलेल्या जवानाच्या आई-वडिलांना आणि पत्नीलाही तिथे अर्ज करता येतो. जाताना त्याचा नंबर, हुद्दा, युनिट आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत सोबत न्यावी.